सत्तावीस नंबरचा खण

ता. ४ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याचं औषध बदलू नकोस. वेळ पाळ, म्हणजे आहे तेच लागू पडेल.

इथे माझं डोकं उठलंय. संस्थेत येणाऱ्या बेघर लोकांना पत्ता नसतो, म्हणून त्यांची पत्रं संस्थेच्या पत्त्यावर येतात, हे तुला ठाऊक आहे. त्यासाठी चाळीस खणांचं कपाट मी केलं. सुतारकाम कुणाकडे शिकलो नाही, पण एकाही खणाचं दार अजून घासत नाही. नियमही मीच लिहून लावले. पंधरा दिवसांत पत्र नेलं नाही, तर 'माणूस सापडत नाही' अशी चिठ्ठी चिकटवून ते परत जाणार.

सत्तावीस नंबर इस्त्रीवाल्या काकांचा. आधी दुकान गेलं, मग खोली. तीन वर्षं त्यांचं नाव बेघरांना खोल्या देणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या यादीत होतं. डिसेंबरात न्यूमोनिया होऊन ते दवाखान्यात पडले आणि नेमकं तेव्हाच त्यांचं पत्र आलं. सोळाव्या दिवशी परत गेलं. ते खोली मिळाल्याचं होतं, हे नंतर कळलं. आता कार्यालय म्हणतं, माणूस सापडत नाही असं तुम्हीच कळवलंत, आम्ही नाव कमी केलं.

चार खेपा घातल्या. पहिल्या खिडकीवरचा दुसरीकडे पाठवतो, दुसरीवरचा जेवायला गेलेला असतो. संस्थेच्या व्यवस्थापकबाई म्हणतात, रीतसर अर्ज करा. दवाखान्याने तर साधं कळवलंही नाही. स्वयंपाकघरातल्या बाई तेवढ्या काहीतरी म्हणाल्या होत्या, पण तोंडी. निरोप लेखी हवा, असं पाटीवर स्पष्ट आहे.

पाच पानी तक्रार लिहिली आहे. नक्कल सोबत.

भाऊजींना नमस्कार. लोभ असू दे, निदान तक्रार वाचून होईपर्यंत.

तुझा धाकटा


ता. ११ फेब्रुवारी

चि. मास्तरांस,
अ. उ. आ.

पाचही पानं वाचली. ह्यांनी तर दोनदा. अक्षर सुरेख, समास सरळ. खिडकीवाला, व्यवस्थापकबाई, दवाखाना, सगळ्यांची हजेरी घेतलीस. चिठ्ठी कुणी चिकटवली, ते मात्र कुठे सापडलं नाही.

लहानपणापासून तुझं हेच. तू केलेलं स्टूल मोडलं, तर बसणाऱ्याचं वजन जास्त. शाळा सुटली तरी सगळं आपलं आपण शिकलास, हे मी चारचौघांत सांगत असते, म्हणूनच लिहिते. त्या स्वयंपाकाच्या बाईंना लिहिता येतं का, हे कधी विचारलंस?

पाच पानं फाड. दोन ओळी पुरतील, त्या लिही.

औषध वेळेवरच घेते. रागावलास तरी पत्र पाठव.

तुझी ताई


ता. २ मार्च

तीर्थरूप ताईस,
सा. न.

उत्तराला उशीर झाला. आठवडा रागात गेला, बाकीचे दिवस रांगेत.

बाईंना लिहिता येत नाही. त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं, दुसऱ्यांदा ओले हात पुसत बाहेर येऊन. मी पाटीकडे बोट दाखवलं. हे मी तुला लिहिलं नव्हतं.

मग अर्ज केला. माणूस दवाखान्यात आहे हे मला सांगितलं होतं, तरी चिठ्ठी मी लावली, चूक माझी. एवढं लिहायला तीन कागद वाया गेले. खिडकीवाल्याने वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि प्रथमच उठून आत गेला. नाव परत चढलं, पण यादीच्या शेवटी. ती खोली दुसऱ्याला गेली. म्हणजे आणखी तीन वर्षं, आणि काका एकाहत्तरचे. भांडलो, उपयोग शून्य.

काकांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, माझी कॉलर सरळ केली आणि म्हणाले, ही इस्त्री उलट्या बाजूने झालीय. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांची पाटी काढली. भिंतीला चार भोकं राहिलीत, ती बुजवायची आहेत. काका रोज सकाळी दहाला येतात, सत्तावीसचं दार उघडतात, आत हात फिरवतात, लावून घेतात. दार घासत नाही, त्यामुळे आवाज होत नाही. तरी ते आले की मला कळतं आणि मान वर करवत नाही.

उद्या पुन्हा कार्यालयात जातोय, काकांचं नाव यादीत पूर्वीच्याच जागी लावून मागायला. बाई सोबत येणार आहेत. त्या सांगतील, मी लिहून घेईन.

लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझा धाकटा