सोमवारी नाव नोंदवण्याआधी

मी, झेनोबिया टेरेल, वय एकसष्ट, विधवा, राहणार पाइन रिज, मिसिसिपी, डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. सोमवारी मी कोर्टात मतदार म्हणून नाव द्यायला जाणार आहे. इथे आम्हा काळ्यांपैकी कोणी नाव दिले की ते पत्त्यासकट दोन आठवडे वर्तमानपत्रात छापून येते. मग काळ्यांना धमकावणाऱ्या गोऱ्या बुरखेवाल्यांना घर शोधावे लागत नाही.

१. राहते घर मुलगी मर्लीन हिला. घर जाळले गेले तर जमीन तिचीच. तिने शिकागो सोडून यावे असा हट्ट नाही, पण विकू नये.

२. बिडाचा तवा चर्चच्या महिला मंडळाला. तो साबणाने घासणाऱ्या बाईच्या हाती देऊ नये.

३. कापराच्या मलमाची बरणी डेल्बर्ट हॉक्स याला. तो लहान असताना त्याच्या गोऱ्या आईबापांच्या घरी मी स्वयंपाकाला होते, तेव्हा त्याची दम्याची छाती मीच चोळत असे. मी नाव देणार याची कुणकुण लागून गेल्या शनिवारी संध्याकाळी बुरखेवाल्यांनी धमकी म्हणून माझ्या अंगणात लाकडी क्रूस पेटवला. धुराने त्यातला एक खोकू लागला आणि सवयीने माझ्या तोंडून निघून गेले, "डेल्बर्ट, घरी जा रे बाळा, धूर सोसत नाही तुला."

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. "नाव कशाला घेतलंस, मावशी?" तो म्हणाला. "आता हे तुला सोडणार नाहीत."

तेव्हापासून रस्त्यावर गाडी हळू झाली की मी दिवा विझवते.

४. विहिरीकडची जमिनीची पट्टी दीर क्लीओफस याला. माझा नवरा एझ्रा गेल्यापासून त्याचा त्या पट्टीवर डोळा आहे. मला म्हणतो, "वहिनी, विस्तवात हात घालायची हौस का गं?" भित्रा आहे. तरी देते.

साक्षीदार दोन लागतात. पाद्रीबाबांनी सही केली. बाकी शेजारी म्हणाले, कागदावर नाव नको. आज क्लीओफस आला, त्याने सगळे वाचले.

"माझं कलम खोड."

"का रे, कमी पडली जमीन?"

"ज्याला वाटा मिळतो त्याची साक्ष चालत नाही म्हणतात. आणि तुला साक्षीला माणूस नको का, वहिनी? सोमवारी गाडीही मीच चालवणार."

म्हणून कलम चार रद्द. ती पट्टीही मर्लीनला. त्या कलमातला 'भित्रा' हा शब्द मी वेगळा, माझ्या हाताने खोडला आहे.

सही: झेनोबिया टेरेल
साक्षीदार: पाद्री ॲमोस स्टॅम्प्स
साक्षीदार: क्लीओफस टेरेल
पाइन रिज, शुक्रवार, १२ जून १९६४