चार तारखेचं पत्र

ता. ३ डिसेंबर १९२८, सोमवार

हेमचंद्र आज जिना धावतच चढला. नागपूरच्या एका लाखेच्या पेढीला फिरता एजंट हवा आहे – रायपूरपासून अकोल्यापर्यंत! घमापुरातल्या दुकानात चार वर्षं पत्रं खरडणाऱ्या माणसाला याहून काय पाहिजे? अट एकच. ज्याने कामकाज शिकवलं त्याचं शिफारसपत्र, पंधरा तारखेच्या आत पेढीवर पोचलं पाहिजे.

"काका, तुमच्याबिगर कोण देणार?"

देतो म्हटलं. मग रोजच्यासारखी शिकवणी. आधी तिसऱ्या पुस्तकातली नदीची कविता – मी म्हणतो, तो ऐकतो – नंतर एक तक्रारीचं पत्र. एकही चूक नव्हती. लाल शाईची दौत उगाच उघडली.

ता. ४

सकाळीच पत्र लिहून काढलं. सदर बाजारातल्या व्यापारी कोठीत एकतीस वर्षं पत्रव्यवहार सांभाळला, पण इतकं खरं पत्र लिहिल्याचं आठवत नाही. त्याला शिकवतो तसंच लिहिलं – आधी तारीख, मग गाव, मग नाव. आणि एकदा घातलेल्या तारखेला पुन्हा हात लावायचा नाही.

सही केली. मग फळीवरचे दोन कप दिसले. हा गेला की संध्याकाळी एकच लागेल.

पत्र पंचांगाखाली ठेवलं. उद्या देऊ.

ता. ६

त्याने विचारलं, झालं का म्हणून. मी म्हणालो, भाषा अजून कच्ची आहे तुझी. जुन्या गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं, ते तुला साधत नाही. वाद घातला नाही त्याने. कागद घरी घेऊन गेला.

ता. ७

तेच नकाराचं पत्र चार तऱ्हांनी लिहून आणलं. चारही चांगली. चौथं तर मला जमलं नसतं.

दोन ठिकाणी लाल खूण केली. कशासाठी, देव जाणे.

ता. ९, रविवार

शेजारच्या बेबीताई दारातूनच म्हणाल्या, "काहून हो काका, रविवारी तर तो येत नाही, मग दोन कप कोणासाठी धुवून ठेवले?" हसल्या. मीही हसलो.

बायको, जया, गेल्यापासून सहा वर्षं या जिन्यावर त्याच्याशिवाय कोणाचं पाऊल वाजत नाही. कविता ऐकताना तो चोरून घड्याळाकडे पाहतो, ते मला दिसतं. पण ऐकतो!

आज बाबाराव आठवले – पनागरच्या गोदामात माझे हेडक्लार्क. सदरच्या कोठीतल्या जागेसाठी मी शिफारस मागितली, तर त्यांनी उभ्याउभ्याच, गव्हाच्या पोत्यावर कागद टेकवून लिहून दिली. "जा, गाडी चुकेल," एवढंच बोलले. तेही एकटेच होते. हे तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

ता. ११

आजही दिलं नाही.

ता. १२

आज तो बसला नाही. उभ्यानेच बोलला.

"काका, मी पेढीला कळवून टाकतो का माझी तयारी नाही. पुढल्या साली पाहू. तुम्ही म्हणून राहिले म्हणजे खरंच असंल."

रुसून नव्हे – खरंच तसं वाटतं त्याला! स्वतःचं लिहिलेलं धड आहे, हेच दिसेनासं झालंय त्याला. हे मी केलं. म्हणालो, उद्या ये, कळवू नकोस अजून.

ता. १३

सकाळी नवा कागद घेतला. तोच मजकूर आजच्या तारखेने उतरवला असता तर कोणाला कळलं असतं? 'ता.' लिहिलं आणि हात थांबला. एकतीस वर्षांत खोटी तारीख घातली नाही.

संध्याकाळी पंचांगाखालचंच पत्र त्याच्या हातात दिलं. मीच सवय लावली आहे – त्याने आधी तारीख पाहिली.

"काका, हे तर चार तारखेचं."

"हो."

"मंग ते चार कागद मी काहून लिहिले?"

खाली पाहून म्हणालो, संध्याकाळी इथं दुसरं कोणी येत नाही रे.

 त्याने पत्राची घडी खिशात घातली आणि रात्रीच्या मेलगाडीच्या टपालात टाकायला स्टेशनाकडे गेला. चहा तसाच राहिला. पंधराच्या आत पोचतं की नाही, कोण जाणे.

ता. १४

आला नाही.

ता. २३

बेबीताईंनी सांगितलं, तो घमापुरात नाही. कुठे गेला, त्यांना ठाऊक नाही. नदीची कविता मोठ्याने म्हणून पाहिली. तिसरी ओळ आठवेना – ती पाठ होऊन पन्नास वर्षं झाली!

जानेवारी

नागपूरहून पत्र. पेढीवर रुजू झाला! समास सरळ, गाव, नाव, मजकूर – सगळं शिकवल्यासारखं. फक्त वरची जागा कोरी. लाल टाक उचलला, तेव्हा खालची ओळ दिसली –

"तारीख मुद्दाम नाही घातली, काका. कधी लिहिलं, कधी टाकलं, हे तुम्ही विचारू नका, मीही विचारणार नाही. नदीच्या कवितेची तिसरी ओळ लिहून पाठवा, इथं कोणालाच येत नाही."

टाक खाली ठेवला.

बाबारावांना मी एवढंसुद्धा कधी लिहिलं नव्हतं.