केअरवाली बाई

प्रिय धाकट्या,

फोनवर तू नेहमी घाईत असतोस, म्हणून लिहितेय. आई बरी आहे. म्हणजे जेवते, झोपते, अधूनमधून चपला घालून दारात उभी राहते.

तुझा मेसेज मिळाला. शेवटी 'टेक केअर' होतंच. हा 'केअर' शब्द घरात आणलास तूच. आठवीत असताना बाबा अभ्यासावरून बोलले, तर मान उडवून 'आय डोन्ट केअर' म्हणालास. बाबांना अर्थ कळला नाही. पोरगा इंग्रजी फाडतो, म्हणून ते शेजारीपाजारी सांगत सुटले. पुढे ते इंटेन्सिव्ह केअरमध्ये होते, तेव्हा काचेबाहेरच्या बाकावर मी आणि आईच होतो. तुझी परीक्षा होती.

आईचं विसरणं वाढलं, तसं तू एका केअर होमचं माहितीपत्रक पाठवलंस. गुळगुळीत कागद, हसऱ्या म्हाताऱ्या. मी नको म्हटलं, तर म्हणालास, ताई, तू असताना मला कसली काळजी! मला तेव्हा ते कौतुक वाटलं. नकाशे काढायची नोकरी सोडून मी घरी बसले. आंघोळ घालताना ती नखांनी ओरबाडते. मग मी हाताला मलम चोळत बसते. त्या ट्यूबवरही 'स्किन केअर' छापलंय.

काल समोरच्या काकू आल्या होत्या. आईने त्यांना माझी ओळख करून दिली. "ही केअरवाली बाई. माझ्या मुलाने ठेवलीय. फार जीव आहे त्याचा माझ्यावर."

काकूंनी चाचरत मुलीचं विचारलं.

"असेल कुठेतरी," आई म्हणाली. "तिला कुठे आमची पर्वा!"

काकू खाली बघायला लागल्या. मी चहा टाकायला आत गेले आणि गॅस न पेटवताच ओट्याशी उभी राहिले. तिच्यावर रागावून काय करू? तिला कळत नाही. तुला कळतं.

जुन्या साहेबांनी परत बोलावलंय, त्यांच्या दुसऱ्या गावच्या ऑफिसात. सोमवारी मी रुजू होतेय, खोलीही बघून ठेवलीय. तू रविवारपर्यंत ये. औषधं वरच्या फळीवर आहेत. पाण्याला ती घाबरते, आधी थोडं तिच्या हातावर ओत. तुला ती लगेच ओळखेल. निघताना मी तिला सांगणार आहे, बाई काम सोडून चालली. तिला फारसं वाईट वाटेल असं नाही.

तुझीच,
ताई