आईच्या बाजूला कुणी?

खडकी, पुणे
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय राधा,

सप्रेम जय भीम. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. तुझी कंबर आता कशी आहे? मच्छिंद्ररावांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, असं पायल म्हणाली. त्यांना म्हणावं, आता निदान महिनाभर तरी गाडी चालवू नका. ते ऐकायचे नाहीत, पण तू सांगून ठेव.

पत्र बघून दचकू नकोस. घरात दोन-दोन फोन असताना ताईला हे काय सुचलं, असं म्हणशील. पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो, आणि मला जे सांगायचं आहे ते आधी तू एकटीने वाचावंस, असं वाटतं. मग कुणाला दाखवायचं ते तू ठरव.

आधी आनंदाचं. आपला नातू छान बाळसं धरतोय. नाव आयुष ठेवलं. नेथनला शेवटचा ‘ष’ जमत नाही, पण माझ्या कसब्यातल्या शाळेत निम्म्या वर्गालाही तो जमायचा नाही, त्यामुळे मी जावयाला पास केलं आहे. अक्षताचं बाळंतपण सुखरूप झालं. नेथन रजा घेऊन आला, आणि त्याच्याबरोबर त्याचे वडीलही आले, ग्रेग. बायको गेल्यापासून ऑस्ट्रेलियात एकटेच राहतात. बस दुरुस्तीच्या कारखान्यात आयुष्य गेलं. तुझे भाऊजी दारूगोळा फॅक्टरीतले, हे बसवाले. दोघांची अशी गट्टी जमली की विचारू नकोस. भाषा एकमेकांची येत नाही. रोज खडकी बाजारात जातात आणि कुणाच्या तरी उघड्या इंजिनासमोर उभे राहून हातवारे करतात.

तर असं सगळं गोड चाललं होतं आणि एके दिवशी चहा पिताना ग्रेगनी विषय काढला. माझा हात लिहिताना अजून थांबतो बघ. आपण बायका एकमेकींत काय काय बोलतो, पण हा शब्द कधी कागदावर लिहायची वेळ आली नव्हती. सुंता. बाळाची सुंता करायची म्हणाले.

मला आधी कळेचना. सुंता म्हटलं की मला आपले मुल्लाणीकाका आठवतात. त्यांच्या सलीमच्या वेळी आपण नवे फ्रॉक घालून जेवायला गेलो होतो. त्यांच्यात ते धर्माचं. मला वाटलं ग्रेगच्या धर्मातही असेल. अक्षताला आत बोलावून विचारलं, तर म्हणाली, “धर्माचं काही नाही गं आई. डॉक्टरांनी लावलेली सवय. एके काळी तिकडे जवळपास प्रत्येक मुलाची करायचे. आता अगदी थोड्यांची करतात. सरकारी दवाखान्यात तर कारण नसेल तर बहुतेक ठिकाणी करतच नाहीत. म्हणून ह्यांचं आपलं, इथे आलोय तर उरकून घेऊ.”

ग्रेगचं म्हणणं साधं होतं. माझी झाली, माझ्या वडिलांची झाली, नेथनची झाली. पोरगा बापासारखा दिसावा. नेथनला स्वतःला फार काही वाटत नव्हतं, पण एकटा पडलेला बाप एवढं एकच मागतोय तर नाही कसं म्हणायचं, असं त्याचं झालं होतं. अक्षता नको म्हणत होती. शब्दाला शब्द वाढला. शेवटी ती म्हणाली, “करा काय करायचं ते,” आणि नवऱ्याशी बोलायची बंद झाली. बाळाला दूध पाजायचं आणि भिंतीकडे तोंड करून बसायचं. बाळंतिणीने असं बसलेलं बघवत नाही गं.

तुझे भाऊजी मला म्हणाले, “धर्म असता तर मी चकार शब्द काढला नसता. पण सवय म्हणून तान्ह्या पोराला कापायचं?” आणि लगेच म्हणाले, “पण मूल त्यांचं आहे. आपण मध्ये पडायचं नाही.”

मी मान हलवली. पण राधा, ‘कापायचं’ हा शब्द ऐकला आणि मला पुढचं काही ऐकवेना. का, ते तुला सांगायला नको. भाजी तशीच गॅसवर टाकून मी बाथरूममध्ये जाऊन बसले.

सदाशिव पेठेतल्या एका बाई डॉक्टरांची वेळ घेतली होती. लहान मुलांच्या सर्जन, हेमा पटवर्धन. आम्ही पाचजण आत गेलो. त्यांनी बाळाला तपासलं आणि विचारलं, “तक्रार काय आहे?”

नेथन म्हणाला, “तक्रार नाही.”

“मग आलात कशाला?”

नेथनने इंग्रजीत सगळं समजावलं. बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, “गरज असेल तर मी करते. हौसेने करण्यासारखं त्यात काही नाही. तरी आलाच आहात तर आधी विचारते ते सांगा, मग पुढचं बघू. घरात कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास? तुमच्याकडे?” नेथनने वडिलांकडे बघितलं. ग्रेगनी मान हलवली, नाही.

“आईच्या बाजूला कुणी?”

“नाही,” अक्षता म्हणाली. किती सहज म्हणाली! तिला बिचारीला काय माहीत?

“मामा? आजीचा भाऊ?”

आयुष माझ्या मांडीवर होता. त्याने माझं बोट धरलं होतं, तान्ही मुलं धरतात तसं. मी म्हणाले, “आहे. होता. माझा भाऊ.”

अक्षता वळली. “आई, नागूमामा तापाने गेला ना?”

“तापाने नाही गेला,” मी म्हणाले.

राधा, पन्नास वर्षं होऊन गेली. पण तोंड उघडलं आणि सगळं आलं, अगदी क्रमाने. नागूचे गुडघे खेळून आला की सुजायचे आणि आई हळदीचा लेप लावायची. साधं खरचटलं तरी चार-चार दिवस पाझरत राहायचं. मग तो दुधाचा दात पडला. आईने कापूस लावला, तुरटी लावली. तू फार लहान होतीस, तुला फक्त लाल झालेला टॉवेल आठवतो, असं एकदा म्हणाली होतीस. मला सगळं आठवतं. सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. तिथले डॉक्टर आईला म्हणाले, हा रक्ताचा दोष आहे, बाईकडून मुलाकडे येतो. आई तिथेच खाली बसली. पुढे आपल्या लग्नांचं बघायला लागले तेव्हा तिने आपल्या दोघींना समोर बसवून शपथ घातली, की हे कुणाला कळता कामा नये, पोरी घरात राहतील. तिचं चुकलं, असं मी म्हणत नाही. तिने मुलगा घालवला होता, त्याचा ठपकाही तिच्याच माथी आला असता. तिला आपल्याला वाचवायचं होतं.

मी हे मराठीत बोलत होते. नेथनला अर्धं कळलं, अर्धं माझ्या चेहऱ्यावरून कळलं असेल. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “हिमोफिलिया असावा. आजी, बरं झालं बोललात. हे न सांगता तुम्ही कुठेतरी घाईने उरकून घेतलं असतंत तर...” ग्रेगना नेथनने इंग्रजीत सांगितलं तेव्हा त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

सुंतेचं बाजूलाच राहिलं. बाळाचं रक्त तपासायला पाठवलं. सुई टोचल्यावर त्या इवल्याशा पायावर डॉक्टरबाई स्वतः कितीतरी वेळ बोट दाबून बसल्या होत्या.

घरी आल्यावर अक्षता म्हणाली, “माझं बाळंतपण झालं आई. मला काही झालं असतं तर? डॉक्टरांना माहीत असायला नको?” मी नुसती तिच्याजवळ बसून राहिले. थोड्या वेळाने तिने बाळ माझ्याकडे दिलं आणि झोपून गेली. बाळ दिलं, तेवढ्यानेच मला धीर आला.

तुझ्या भाऊजींची मला जास्त भीती होती. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी मागे गेले. मला वाटलं, आता म्हणतील, एवढा संसार केला आणि मला परकं ठेवलंस. ते म्हणाले, “कसा होता गं तो?” एवढंच. मग मी त्यांना सांगत बसले. तो कोंबड्यासारखा आरवायचा आणि आळीतल्या खऱ्या कोंबड्या फसायच्या, आपल्या वाटचा गूळ खिशात ठेवून मुंग्यांना घालायचा, तुला पाठीवर घेऊन गुडघे दुखेपर्यंत फिरवायचा. मी रडत होते आणि हसत होते. राधा, तो गेल्यापासून मी त्याच्याबद्दल कुणाशी एवढं बोललेच नव्हते. तुझ्याशीसुद्धा नाही.

तपासणीचं उत्तर येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते लिहीत नाही. ग्रेग बाजारात जाईनात. बाळाच्या पाळण्याशेजारी बसून राहायचे.

मग डॉक्टरबाईंचा फोन आला. बाळाचं रक्त चांगलं आहे! दोष नाही. त्या म्हणाल्या, “पेढे वाटा. आणि आता ते करायचंच असेल तर तसा धोका उरलेला नाही.”

फोन ठेवला. मी ग्रेगकडे बघत होते. अडसर तर गेला होता. आता पुन्हा तोच विषय, पुन्हा तेच भिंतीकडे तोंड, असं मनात आलं.

नेथन म्हणाला, “नको.” मराठीत म्हणाला. मग वडिलांकडे वळून इंग्रजीत म्हणाला, “चांगल्या पोराला कशाला काही करायचं, डॅड?”

ग्रेग म्हणाले, “मी त्याच्यासाठीच म्हणत होतो. पोरांमध्ये वेगळा पडू नये.”

“डॅड, आता तिकडे पोहायच्या तलावावर कपडे बदलताना वेगळे दिसतो ते तू आणि मी.”

ग्रेग असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला. तुझ्या भाऊजींना काही कळलं नव्हतं, तेही हसायला लागले. अक्षताही हसली. कितीतरी दिवसांनी तिने नेथनला “चहा घेणार का?” असं विचारलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी हलवली.

संध्याकाळी ग्रेग माझ्याजवळ येऊन बसले. सावकाश, मला समजेल असं बोलले. नेथनच्या वेळी त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. नर्सने बाळ नेलं, परत आणून दिलं. बायको दिवसभर रडत होती आणि त्यांना वाटलं, बायका रडतातच. “आपण तेव्हा विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं,” म्हणाले. मी म्हटलं, “आमच्याकडे सांगायचं असतं हे माहीत नव्हतं.” माझ्या इंग्रजीत हे वाक्य किती बरोबर झालं ते देव जाणे, पण त्यांना कळलं.

आता तुला लिहायचं खरं कारण. डॉक्टरबाईंनी मला बजावून सांगितलं आहे, की आयुषचं चांगलं निघालं म्हणून आपलं सगळ्यांचं चांगलं, असं नाही. अक्षताची आणि माझीही तपासणी होणार आहे. आणि आईची लेक तूही आहेस, पायल तुझी लेक आहे. पायलला पाचवा महिना लागला ना? तू मला सांगितलं नाहीस. तिने स्वतः सांगितलं, “आईने इतक्यात कुणाला सांगू नको म्हटलंय मावशी,” असं म्हणत. का म्हटलंस, ते मला कळतं. तीच आईची भीती. ती माझ्यातही होती.

तिला तपासून घे, राधा. बाळंतपणाच्या आधी, तिच्या डॉक्टरांना नागूचं सगळं सांगून. लातूरला सोय नसेल तर दोघी इकडे या, मी बरोबर येते. तिच्या सासरी काय म्हणतील, असं तुझ्या मनात येईल. माझ्याही आलं होतं. मी तर परदेशी व्याह्यांसमोर बोलले. काही बुडालं नाही गं. उलट आता घरात नागूचं नाव निघतं. काल अक्षता आयुषला म्हणत होती, तुझ्या आजीचा भाऊ कोंबड्याला फसवायचा. ते ऐकून मला इतकं हलकं वाटलं, की काय सांगू.

तू रागावलीस तरी चालेल. रागावून फोन कर, पण कर. मच्छिंद्ररावांना नमस्कार, पायलला आशीर्वाद, तिच्या पोटातल्याला दुप्पट.

तुझी आणि नागूची,
अजूनही आपल्या तिघांतली थोरली,
आम्रपालीताई