तळमजल्याच्या दोन खोल्यांबाबत

मी, विमल श्रीपाद मुळ्ये, वय एक्क्याऐंशी, धंदा शिवणकाम (डोळ्यांनी बंद पाडलेला), राहणार पाटणकर बाजाराच्या मागे, लष्कर, ग्वाल्हेर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. रक्तदाबाची गोळी चालू आहे, डोकं ठिकाणावर आहे. कोणी माझ्यावर दबाव आणलेला नाही. आणला असेल तर हे लिहू नये म्हणूनच आणला आहे. वकील कृष्णराव यांनी छापील नमुन्याप्रमाणे मसुदा करून दिला होता. तो वाचताना कोणा भलत्याच बाईचं मृत्युपत्र वाचते आहे असं वाटलं, म्हणून कलमं त्यांची ठेवून भाषा माझी घातली आहे.

हे लिहिण्याचं कारण एकच. माझ्यामागे मेमचा देवी आणि तिची मुलगी सनाथोई यांना या घरातून कोणी बाहेर काढू नये.

कलम १. हे घर माझं स्वतःचं आहे. यजमान श्रीपादराव यांचा पगार आणि माझं मशीन, दोन्ही मिळून ते उभं राहिलं. वडिलोपार्जित यात एक वीटही नाही. लष्करातल्या निम्म्या मराठी बायकांचे ब्लाऊज मी शिवले आहेत आणि कोण किती सुटलं हे मला ठाऊक असूनही कुठे बोलले नाही, एवढं पुण्य पदरी आहे.

कलम २. वरचा मजला, बँकेतल्या ठेवी आणि श्रीपादरावांची पेटी माझा एकुलता एक मुलगा उत्कर्ष, मुक्काम पुणे, याला द्यावी. पेटी विकू नये. वाजवता येत नसेल तर पुसत तरी राहावी.

कलम ३. तळमजल्याच्या दोन खोल्या, मागचं अंगण आणि नळ मेमचा देवी हिला पूर्ण मालकीने द्यावेत. तिच्यामागे ते सनाथोईचे.

ही मेमचा कोण, हे न्यायाधीशांपुढे जायची वेळ आलीच तर त्यांना कळावं म्हणून लिहिते. ती मणिपूरची. दंगे पेटले त्या मे महिन्यात तिचं घर जळालं. जाळणारे दुसऱ्या जमातीचे होते, आणि तिला व मुलीला भाताच्या कोठारात लपवून मग रस्त्याला लावणारी शेजारीणही त्याच जमातीची होती, हे ती नेहमी दोन्ही सांगते, नुसतं एक कधी सांगत नाही. नवरा इबोहल गोठ्यातल्या गाई सोडायला मागे वळला, तो अजून आलेला नाही. त्यानंतर वर्षभर या मायलेकी एका शाळेच्या हॉलमधल्या छावणीत राहिल्या, दोरीवर चादर टाकून केलेल्या खोलीत. तिचा भाऊ तेव्हा आपल्या इथल्या शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात शिकत होता. तो त्यांना घेऊन आला आणि भाड्याची खोली विचारत माझ्या दारात उभा राहिला. पुढे त्याला दूर नोकरी लागली. या दोघी राहिल्या.

उत्कर्षचं म्हणणंही इथे नोंदवते, म्हणजे मी त्याचं ऐकलंच नाही असं होऊ नये. तो फोनवर म्हणाला, "आई, राहू दे ना त्यांना, मी कुठे नाही म्हणतोय? पण नावावर कशाला? कल को कुछ हुआ तो कोर्ट-कचेरी कौन करेगा? शेवटी बाहेरचे लोक आहेत ते." कृष्णरावांनीही सुचवलं की नुसता तहहयात राहण्याचा हक्क लिहा. बाळ, राहू देण्यावर ती वर्षभर राहिली आहे. शाळा भरायची वेळ झाली की हॉल रिकामा करा म्हणून निरोप यायचा आणि चादर गुंडाळायला लागायची. आणि बाहेरचे म्हणशील तर आपण मूळचे वाईचे म्हणून सांगतो. मी वाई पाहिलेली नाही, तूही नाहीस. आपले पूर्वज फौजेबरोबर आले आणि ती जमावाच्या भीतीने आली, हा फरक मोठा आहे. पण तो आपल्या बाजूने मोजू नये असं मला वाटतं. माझ्यावर रागाव, तुझा हक्क आहे. तिच्यावर दावा लावू नकोस.

कलम ४. शिलाई मशीन, कात्री आणि गिऱ्हाइकं मेमचाची. ती ब्लाऊजची बाही माझ्याहून चांगली बसवते, हे मी तिला सांगितलेलं नाही.

कलम ५. माझ्या साड्या मदत म्हणून कुठेही पाठवू नयेत. मागे आपल्या मंडळाच्या बायकांनी मणिपूरच्या छावणीसाठी कपडे गोळा केले, बांधाबांध माझ्या ओसरीवर झाली. बघते तो जरीच्या साड्या, शालू, एक तर चक्क लग्नातला शेला. मेमचा एकेक घडी उचलून बघत होती. म्हणाली, "बहुत सुंदर है. वहाँ बाल्टी नहीं है, काकूजी." मग सगळं सोडून बादल्या, साबण आणि पोरींसाठी पॅड घेतले. साड्या दिलेल्या बायका अजून माझ्याशी जरा तुटकच बोलतात.

कलम ६. भाद्रपदात महालक्ष्म्या बसवणं उत्कर्षला जमणार नाही, म्हणून तो वसा मी मेमचाला देते. सवाष्णीच्या पानावर तिनेच बसावं. पहिल्या वर्षी मी तिला बसवलं, तेव्हा माझी नणंद शांताताई भरल्या पंगतीत म्हणाली, "अगं, पण हिचा नवरा आहे का?" सगळ्यांचे हात थांबले. मेमचाला मराठी कळतं. ती हळूच म्हणाली, "नहीं है, ऐसा किसी ने अभी तक कहा नहीं है." मी तिची ओटी भरली. शांताताईला मी आजवर क्षमा केलेली नाही आणि या कागदानेही करत नाही. मेमचा सवाष्ण आहे की नाही हे मेमचाने ठरवावं, दुसऱ्या कोणी विचारू नये.

कलम ७. काल हा कागद मी मेमचाला हिंदीत वाचून दाखवला. वाटलं होतं रडेल. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "दो नाम लिखवा दीजिए."

कृष्णराव समोरच होते. त्यांनी तिला नीट समजावलं की ज्याचा ठावठिकाणा नाही त्याचं नाव घातलं तर उद्या प्रत्येक कामाला त्याची सही लागेल, विकायची म्हटलं तर विकता येणार नाही. "बेचना किसको है?" ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कैंप में उनका नाम काट दिया था, काकूजी. बोले, जो यहाँ नहीं रहता उसका नहीं लिखते."

कृष्णरावांनी चष्मा काढून पुसला आणि लिहायला घेतलं. सबब कलम ३ रद्द समजून त्याऐवजी पुढीलप्रमाणे वाचावे:

तळमजल्याच्या दोन खोल्या, मागचे अंगण व नळ यांचे मालक:
(१) मेमचा देवी, धंदा शिवणकाम, राहणार वरीलप्रमाणे.
(२) तिचे पती इबोहल सिंह, धंदा शेती, राहणार वरीलप्रमाणे.
दोघांच्या पश्चात मुलगी सनाथोई.

सही: विमल श्रीपाद मुळ्ये

आमच्यादेखत सही केली:
१. पांडुरंगराव फाळके, शेजारी, लष्कर
२. डॉ. स्मृती दिघे, इंदरगंज

ठिकाण: लष्कर, ग्वाल्हेर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५