एक आवाज कमी

माय, आज दुपारी मी मुलींवर ओरडले. नुसती ओरडले नाही, टेबलावर लाकडी पट्टी आपटली. पट्टी मोडली आणि मला तुझी घोडी आठवली. तू जाऊन इतकी वर्षं झाली, हल्ली स्वप्नातसुद्धा येत नाहीस, आणि आज आधी घोडी आली आणि तिच्या मागून तू. ऐकून तू हसली असतीस, म्हणाली असतीस, लेकीपरीस घोडीच बरी, तिनं तरी याद ठेवली.

माझी ही नोकरी बघायला तू राहिली नाहीस, म्हणून सांगते. लातुरात मुलींचं एक वसतिगृह आहे, तिथली मी गृहपाल. खेड्यापाड्यांतल्या मुली इथं राहून कॉलेज शिकतात. त्यांचं जेवणखाण, आजारपण, रुसवेफुगवे, सगळं माझ्या गळ्यात. यंदा पाणी असं आटलंय की शहराला रेल्वेनं पाणी येतंय आणि ते बघायला टीव्हीवाले येताहेत. आमचा बोअर कधीच कोरडा पडला. टँकरवाला मनात आलं तर येतो. काल आमच्या वरच्या साहेबांचा फोन आला, वसतिगृह रिकामं करा, मुलींना गावी धाडा, परवा सकाळी गाडी येईल. परीक्षा तोंडावर आलेली. मी काय म्हणाले असेन? ‘हो सर’ म्हणाले. मुलींना सांगितलं तर त्या रिकाम्या बादल्या घेऊन व्हरांड्यात बसल्या. जाणार नाही म्हणतात. का, ते सांगत नाहीत. विचारलं की माना खाली. आज दुपारी शेवटी माझा तोल गेला. पट्टी मोडली तरी एकीनं मान वर केली नाही. आता खोलीत येऊन हे लिहिते आहे. उद्या ती गाडी येणार, आणि मुली अजून बाहेरच आहेत, त्यांची कुजबुज इथवर ऐकू येते.

आपली घोडी बानं माळेगावच्या जत्रेतून आणली होती. बाला कशाची हौस कधी येईल याचा नेम नसायचा. पांढऱ्या पायांची, तांबूस, दिसायला देखणी, आणि जत्रेत गाईसारखी गरीब उभी. घरी आणली आणि दुसऱ्याच दिवशी तिनं बाला निवडुंगाच्या कुंपणात फेकलं. पानं सळसळली तरी बिचकायची, कुणाची छत्री दिसली तरी कान मागं टाकायची. बा लगाम हिसडायचा, शिव्या घालायचा, ती जास्तच उधळायची. मग बा कामाला नांदेडला निघून गेला आणि घोडी तुझ्या वाट्याला आली, बाच्या बाकीच्या सगळ्या भानगडींसारखी.

तू तिला कसं वळवलंस ते मी ओसरीतून बघायची. तू तिच्या अंगावर सरळ कधी चालून गेली नाहीस. तिच्याकडं न बघता, तिरकी तिरकी चालत जायचीस, मधेच थांबून पदरातला भुईमूग सोलून खायचीस. तीच मग कान टवकारून तुझ्याकडं यायची. मी विचारलं, ‘तिला भुईमूग दिलास का?’ तू म्हणालीस, ‘न्हाई. म्या खाऊन राहिले. आपल्या पोटात खळबळ न्हाई, हे तिला दिसाय पाहिजे ना.’ मला तेव्हा हे वेडेपण वाटलं होतं. बारावी झालेली होते मी, अक्कल नुकतीच उतू जायला लागली होती.

जरा उठून आले, माय. दारापर्यंत जाऊन परत आले. बसवत नाही आणि उभंही राहवत नाही.

त्या वर्षांत लातूर जिल्हा नवाच झाला होता. आपलं गाव उस्मानाबादचं होतं, ते लातूरचं झालं. बसच्या पाट्या बदलल्या, दाखल्यांवरचे शिक्के बदलले, विहिरी मात्र होत्या तशाच कोरड्या. ‘नव्या जिल्ह्याचा जुना दुष्काळ’, असं पारावरची म्हातारी माणसं म्हणायची. कंधारच्या बाजूनं नवा रस्ता निघाला, टेकडी फोडून खिंड पाडायची होती, आणि त्या कामावर बायकांच्या टोळीची मुकादम तुला केलं. बुद्धवाड्यातली बाई गावच्या बायकांची मुकादम! मस्टरवर हजेरी मांडणारा कारकून पहिल्याच दिवशी म्हणाला, ‘बाई, जमंल का?’ तू म्हणालीस, ‘हाव, जमंल’, आणि त्या दिवसापासून तुझं तोंड दगडाचं झालं. हसू नाही, कुरकुर नाही, दमलीस तरी सांगायची सोय नाही. मीही टोपली घेऊन त्याच टोळीत होते आणि मला तुझा अभिमान वाटायचा. मुकादम असावी तर अशी, असं वाटायचं.

पाणी आणायला आपलीच घोडी लागली. दोन्ही अंगांना पखाली लटकवून ती खिंडीच्या पलीकडच्या विहिरीवर जायची. सुरुवातीला गावच्या काही बायका आपापलं पाणी घरून आणायच्या, आपल्या घोडीचं पाणी त्यांना चालत नव्हतं. मग वैशाखाचं ऊन आलं आणि ते खूळ गेलं. तू तांब्या भरून पुढं केलास, बस्स.

खिंडीत रोज सुरुंग उडायचे. आम्ही सगळ्या अलीकडं लांब, ओढ्याच्या काठाला बसायचो. सुरुंगवाला खडकात दारूनं जेवढी भोकं भरायचा तेवढे आवाज व्हायला पाहिजेत, हे टोळीतल्या पोरीसोरींनाही माहीत होतं. बायका कानात बोटं घालून मनातल्या मनात आवाज मोजायच्या. मग सगळे उडाले असं सांगायला सुरुंगवाला लाल फडकं हलवायचा, आधी घोडी पाण्याला जायची आणि तिच्या मागून आम्ही दगड उचलायला.

त्या दिवशी फडकं हललं आणि घोडी खिंडीच्या तोंडाशी थांबली. पुढचे पाय रोवले, कान मागं, नाकपुड्या फुललेल्या. तू कारकुनाशी बोलत होतीस म्हणून दोर माझ्या हातात होता. मी तिच्या समोर उभी राहून दोर ओढला. ती हलेना. मागं बायका तहानलेल्या, कारकून हातावरचं घड्याळ बघतोय, आणि मुकादमाची लेक म्हणून सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी बाभळीची फोक मोडली आणि तिच्या तोंडावर मारली. आणखी एकदा मारली. ती थरथरत होती आणि मी किंचाळत होते.

तू येऊन फोक हिसकावून घेतलीस. मी आयुष्यात तुझा मार खाल्ला नाही, पण त्या वेळी तू जे बोललीस ते अजून टोचतं. ‘भ्या तुला वाटून राहिलं अन् मारतीस तिला? तिला मारून तुझं भ्या जाईल व्हय गं?’

मला भीती वाटते हे मला स्वतःला माहीत नव्हतं, तुला कसं कळलं? रोज त्या खिंडीत शिरताना मला मागं पळावंसं वाटायचं, पण तुझं ते दगडाचं तोंड बघून मी टोपली उचलायची. तू घोडीच्या समोर उभी राहिली नाहीस. तिच्या खांद्याला खांदा लावून, ती बघत होती तिकडंच बघत उभी राहिलीस. मग आयाळीत हात घालून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणालीस, ‘मला बी भ्या वाटतंय गं बाई. रोजच वाटतंय. तुला काय सांगू.’

कारकून फिस्सकन हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुकादम असं बोलते का कुठं? पण घोडीनं मान खाली सोडली, लांब श्वास टाकला, आणि दाताखाली काही नसताना चघळल्यासारखं करायला लागली. आणि मागच्या बायकांतून एक आवाज आला. तिशीतली, कधी तोंड न उघडणारी, पहिले पंधरा दिवस घरचं पाणी आणणारी एक बाई. ती म्हणाली, ‘मावशी, मला आज एक आवाज कमी वाटला.’

तू वळलीस. ‘मग आदुगर बोलली का न्हाईस?’

‘तुमचं तोंड बघून गप बसले. तुम्ही निघालावच, म्हटलं आपलंच मोजायचं चुकलं असंल.’

मग दुसरी म्हणाली, मलाही कमीच वाटला. मग तिसरी. सगळ्यांनी मोजलं होतं, माय, मीही मोजलं होतं. आणि आम्ही सगळ्या तुझ्यामागं त्या खिंडीत शिरणार होतो, कारण तू घाबरलेली दिसत नव्हतीस. तू कारकुनाला सांगितलंस, ‘आज टोळी आत जाणार न्हाई.’ तो बराच तणतणला. तू रस्त्यात फतकल मारून बसलीस आणि मग सगळ्या बसल्या. सुरुंगवाला कुरकुरत आत गेला आणि पांढराफटक होऊन बाहेर आला. भरलेलं एक भोक तसंच होतं, न उडालेलं.

लोकांनी नंतर घोडीला देवपण दिलं. तिला म्हणे आधीच कळलं. कुणी हळदकुंकू घेऊन आलं तेव्हा तू त्यांना वाटेला लावलंस. ‘तिला काय कळतंय सुरुंगाचं? ती भ्याली व्हती अन् तिनं लपवलं न्हाई, एवढंच.’ आणि घरी येताना, दोर सैल धरून चालता चालता, माझ्याकडं न बघता म्हणालीस, ‘मीच चुकले. तोंड दगडाचं केलं, अन् समद्यांची तोंडं बंद केली.’

त्यानंतर कडबा मिळेना म्हणून घोडी नातलगाकडं बिलोलीला पाठवलीस. तिचं दावं तेवढं ठेवून घेतलंस आणि मी नांदेडला कॉलेजला निघाले तेव्हा माझी पत्र्याची पेटी त्या दाव्यानं बांधून दिलीस. मला लाज वाटली होती. हॉस्टेलवर पोहोचल्यावर पहिलं काम मी काय केलं असेल, तर ते सोडून पेटीत तळाला टाकलं.

मागं एकदा आम्हाला नेतृत्वाचं प्रशिक्षण दिलं. थंडगार हॉल, पडद्यावर चित्रं, ‘भावनिक बुद्धिमत्ता’ असा शब्द. मी तो नीट उतरवून घेतला. तिथंही मला घोडी आठवली नाही. मी शिकले ते एवढंच, की साहेब झाल्यावर चेहरा कोरा ठेवायचा. माझा चेहरा इतका कोरा झालाय, माय, की मुली मला लांबून बघूनच गप्प होतात, आणि मी त्याला शिस्त म्हणत आले.

आता मी बाहेर जाऊन येते. लिहायचं अर्धं राहू दे.

आले. घाईत लिहितेय, अक्षर बघ कसं आलंय ते. तसं तुला अक्षर कळत नव्हतंच.

मी मुलींच्या समोर उभी राहिले नाही. कडेनं गेले आणि पायरीवर त्यांच्या शेजारी बसले, त्या जिकडं बघत होत्या त्या फाटकाकडंच बघत. एक बादली होती ती थोडी सरकवली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हणाले, ‘मला साहेबांची भीती वाटते. कालपासून वाटते. नोकरीची वाटते. म्हणून मी दुपारी ओरडले.’ मग एक जण म्हणाली, ‘आम्हाला माहीत होतं मॅडम’, आणि एकदोघी हसल्या. मीही हसले. मला वाटलं झालं एवढंच, उठावं.

आणि मग भोकरकडची एक मुलगी बोलली. वर्षभरात तिचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकला असेल. म्हणाली, ‘मॅडम, मी गावी गेले की परत येणार न्हाई. माझी सोयरीक जमवून ठेवलीय. परीक्षा हाय म्हणून थांबलेत. तुम्ही घरी धाडलं की परीक्षेसाठी बी थांबणार न्हाईत.’ तिच्या शेजारची म्हणाली, ‘माझं बी तसंच.’ मग आणखी एक. माय, वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर होत्या त्या. मी त्यांना कितीदा विचारलं असेल, काही अडचण आहे का, आणि त्या म्हणाल्या, नाही मॅडम.

मी साहेबांना फोन लावून सांगितलं, मुली जाणार नाहीत, परीक्षा होईपर्यंत पाण्याचं मी बघते. ते काय काय बोलले ते तुला सांगत नाही, गाडी मात्र येणारच म्हणाले. पाण्याचं मी कसं बघणार आहे हेही मला माहीत नाही. मुली म्हणाल्या आम्ही अंघोळ सोडतो, मी म्हटलं आधी कपडे धुणं सोडा. भोकरची मुलगी अभ्यासाला बसलीय. पेटीतून तुझं दावं काढलं. फाटकाचा कोयंडा कधीचा मोडलाय, तर फाटक त्या दाव्यानं आतून बांधलं. गाठ तुझीच मारली.

हे पत्र कुठं टाकू? तुला आलेली पत्रं मीच वाचून दाखवायची, आणि तू अक्षरांपेक्षा माझा आवाजच ऐकायचीस. आज मोठ्यानं वाचलं तर तुला पहिल्याच ओळीला कळेल. सकाळी गाडी येईल आणि मी फाटकाशी उभी असेन, मुली माझ्या मागं. त्यांना मी सांगितलंय, तुलाही सांगते. लई भ्या वाटून राहिलं, माय.