अंगाला मानवलेली शाई

३ मार्च, सोमवार

आले एकदाची! खोली शिंपीकाकांच्या दुकानावर आहे. खालून दिवसभर शिवणयंत्राची खटखट येते, पण खरं सांगायचं तर मला ती आवडली, सोबत असल्यासारखी वाटते. एक खिडकी रस्त्यावर उघडते, नळाला भरपूर पाणी आहे, पलंग कुरकुरतो. आईला फोनवर सगळं सांगितलं, कुरकुर सोडून.

रंगाच्या कारखान्यातला पहिला दिवस मस्त गेला. माझं काम छटा जुळवण्याचं. गिऱ्हाईक फरशीचा नाहीतर पडद्याचा तुकडा पाठवतं, आणि आम्ही त्याच्याशी हुबेहूब जुळणारा रंग मिसळून द्यायचा. शेजारच्या टेबलावरच्या मुलाला सगळे चष्मीस म्हणतात. त्याने मला दोन पांढरे रंग दाखवून फरक विचारला. सांगितला. कॉलर ताठ!

६ मार्च, गुरुवार

गल्लीच्या टोकाला टॅटूचं दुकान आहे. टॅटू किती वर्षं मनात आहे, पण घरी विषय काढला की आई रडकुंडीला यायची. इथे कोण विचारतंय? गेले आत.

मला वाटलं होतं, दाढीवाला, हातभर चित्रं काढलेला कुणीतरी असेल. तर आईच्या वयाच्या बाई, केसांचा अंबाडा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर! सगळे त्यांना मावशी म्हणतात. त्यांनी काय काय होईल ते नीट समजावलं. उपाशीपोटी यायचं नाही, भरपूर पाणी प्यायचं, सैल बाहीचं घालायचं. सुई चालताना मांजराने नख ओढल्यासारखं वाटेल, हाडाजवळ जरा जास्त. नंतर एकदोन दिवस पाझरेल, मग खाज सुटेल, मग पापुद्रे निघतील. घाबरायचं नाही, खाजवायचं नाही, सोलायचं तर अजिबात नाही. “निघेल तेवढं आपणहून निघू द्यायचं.”

मग माझा डावा हात कोपरापर्यंत निरखत बसल्या. इथे कधी भाजलंय का, म्हणून विचारलं. नाही म्हटल्यावर का कोण जाणे, एकदम खुलल्या.

८ मार्च, शनिवार

झालं! मनगटाच्या थोडं वर, आतल्या बाजूला, शेपटी उडवून बसलेली खार. दादा मला लहानपणापासून खारच म्हणतो, एका जागी टिकत नाही म्हणून.

मावशींनी साबणाने हात धुतला, लव काढली, चित्राचा छाप उमटवला. सुई माझ्यासमोर पाकीट फोडून घेतली. शाई मात्र एका छोट्या काचेच्या बाटलीतून. काळी, पण राखाडी झाक मारणारी. रंग म्हटला की मला राहवत नाही, कुठल्या कंपनीची म्हणून विचारलं. घरचीच आहे म्हणाल्या.

दुखलं, पण रडण्याइतकं नाही. मावशी सगळा वेळ पुटपुटत होत्या, लहान मुलाला निजवताना पुटपुटतात तसं. भिंतीवर त्यांच्या मुलीचा फोटो आहे, माझ्याच वयाची, हसरी. कुठे असते विचारलं, तर म्हणाल्या, येईल आता.

१० मार्च, सोमवार

मावशींनी सांगितलं होतं तस्संच. काल पाझरलं, आज हात तापल्यासारखा लागतोय. चष्मीस म्हणाला, खार नाही, उंदीर दिसतो. त्याला दिवसभर करडा रंग घोटायला लावला.

घरी आले तर मावशी जिन्यात उभ्या. जखम स्वतः धुवून दिली, मलम लावलं, फुंकर घातली. नव्या गावात इतकी माया कोण करतं? पण हात सोडेनात. शेवटी मीच ओढून घेतला.

१३ मार्च, गुरुवार

खाज, खाज, खाज. कामात लक्ष नाही. खुर्चीत बसवत नाही, उभं राहवत नाही.

पापुद्रे निघायला लागलेत, पण फक्त चित्रावरचे नाहीत. मनगटाचे निघालेत, तळहाताच्या मागचेही. आंघोळीच्या पाण्यात केवढी तरी साल तरंगत होती. मावशींना फोन केला. असंच असतं म्हणाल्या. आवाजात आनंद मावत नव्हता.

१४ मार्च, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत सहज दोन्ही हात छटांच्या पट्टीवर ठेवले. जुळत नाहीत. उजवा हात माझा गव्हाळ. डावा मनगटापासून वर चांगला सावळा, तोही तांबूस अंगाचा. उन्हाने होतो तसा नाही. चष्मीसला दाखवला. तो हसला नाही. पुन्हा पट्टी लावून बघितली आणि हळूच म्हणाला की हे दोन वेगळ्या माणसांचे हात आहेत.

गंमत करत असेल. करत असावा.

१६ मार्च, रविवार

खार नाही. पुसट झाली नाही, गेली. पापुद्र्याबरोबर शेपटी निघून आली आणि खाली कोरी कातडी.

कोरी तरी कशी म्हणू? मनगटावर तीळ आहे. कोपराखाली भाजल्याचा डाग आहे, इस्त्रीच्या टोकासारखा, जुना, चकाकणारा. मला कधीच भाजलं नाही. आईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, नाही गं, तुला कधी चटका बसू दिला नाही मी. मग म्हणाली, तुझा आवाज बसलाय का?

१७ मार्च, सोमवार

रजा घेतली. डॉक्टरकडे गेले. त्यांनी डाग दाबून पाहिला, दहा-बारा वर्षांचा असेल म्हणाले. लहानपणीचं विसरायला होतं म्हणे. मी दुसरा हात पुढे केला, रंग बघा म्हटलं. त्यांनी खाजेची गोळी लिहून दिली.

साल आता दंडावर चढलीय.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी तडक दुकानात गेले. आधी फोटोपाशी. मुलीने हात गालाला लावलाय. कोपराखाली डाग. मनगटावर तीळ.

मावशींनी काही लपवलं नाही. मुलगी दोन वर्षांपूर्वी तापाने गेली. तिची राख त्यांनी शाईत खलली. आधी स्वतःच्या अंगावर टोचून पाहिली, मग येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या. कुणाला गळू झालं, कुणाची जखम चिघळली. राख कुणाच्याच अंगात टिकली नाही.

“तुझ्या अंगाला ती मानवली, बाळा.”

मी ओरडले. काढा म्हटलं, काहीही करा, हे काढा. त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, मला फक्त हात हवा होता. कधीतरी धरायला. एवढंच मागितलं होतं मी. पण ती लहानपणापासून हट्टी. एकदा आली की पूर्ण येणार.

आणि माझा डावा हात उठला आणि त्यांचे डोळे पुसले.

मी नाही पुसले.

१९ मार्च, बुधवार

दादाला फोन केला. रडतच सगळं सांगितलं. त्याने अर्धं ऐकलं नसेल, पण उद्या दुपारपर्यंत पोचतो म्हणाला. सामान भरून ठेव म्हणाला.

भरतेय. उजव्या हाताने बॅगेत ठेवते, डावा बाहेर काढतो. शेवटी डावा पदराखाली — ओढणीखाली बांधून टाकला. मी पदर का लिहिलं? मी साडी नेसत नाही.

मान सोलतेय. आरसा उलटा करून ठेवलाय.

शिंपीकाका वर आले होते, दार न उघडताच बोलले. पाहुण्या आल्यात का, विचारत होते. आवाज वेगळा वाटतो म्हणे.

२० मार्च, सकाळ

उशीवर गालाचा — नको. लिहायला नको.

काही गोष्टी आठवतात. इस्त्री. कुणीतरी फुंकर घालतंय. तापातली ओली पट्टी. ते माझं नाही. माझं काय ते आठवायला बसले — घराचं दार कुठल्या रंगाचं? रंग माझं काम आहे. मला रंग आठवलाच पाहिजे —

दुपार

दादा आला! खिडकीतून दिसला. पाठीवर सॅक, घामाघूम, दुकानासमोर उभा. मी खिडकी सताड उघडली. त्याने वर पाहिलं. डोळ्यांवर हात धरून नीट, सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं.

म्हणाला, “अहो, इथे वर माझी बहीण राहते. आहे का ती?”

मला दादा म्हणायचं होतं. ओठ हलले. ती गेली, असं म्हटलं कुणीतरी. माझ्या तोंडातून.

मावशी त्याच्या शेजारी उभ्या आहेत. त्याच्या खांद्यावर हात ठेवून समजावताहेत. रस्त्याच्या टोकाकडे बोट दाखवताहेत. तो निघाला. धावतच निघाला, मला शोधायला —

दादा वळ. मागे वळ.

जिन्यावर पावलं. दादाची नाहीत. डाव्या हाताने गाठ सोडवली. दाराकडे ओढतोय, पलंगाला पाय अडकवून बसलेय. उजव्या बोटांची साल सुटतेय, तरी पेन सोडायचं नाही, पेन धरलंय तोवर हा हात माझा, मी रंग जुळवते, मला एक भाऊ आहे, मला आई आहे, आई बाहेर उभी आहे, नाही, ती नाही, माझी आई घरी — आई, थांब, आले, कडी काढते